लंडनला पुन्हा, या खेपेला आईंना घेऊन

प्रश्न थोडक्यात असा. २००६ ते २००९ अशी तीन वर्षं तुम्ही कंपनीच्या प्रोजेक्टवर लंडनला होतात. ईस्ट हॅमला चार मित्रांत मिळून घर, कॅनरी वॉर्फला ऑफिस. येत्या मे महिन्यात नऊ दिवसांसाठी पुन्हा जायचं आहे. सोबत बायको, सात वर्षांचा मुलगा, बारा वर्षांची क्रिकेट खेळणारी मुलगी आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या एकाहत्तर वर्षांच्या आई. तुम्ही एकतीस ठिकाणांची यादी जोडली आहे आणि विचारलं आहे, "एवढं सगळं बसेल का? काही राहिलंय का?"

बसेल हो. पण त्यात तुमच्या घरचे बसणार नाहीत.

मी बावीस वर्षं टूर मॅनेजर म्हणून युरोपला ग्रुप नेले, आता पुण्यात बसून कुटुंबांचे प्रवास आखून देतो. लंडनला किती वेळा गेलो ते मोजणं कधीच सोडलं. एवढं असून २०११ साली बायकोला आणि मुलीला पहिल्यांदा तिथे घेऊन गेलो, तेव्हा तिसऱ्या दिवशी ट्रफाल्गर स्क्वेअरच्या पायऱ्यांवर बायको बसली आणि म्हणाली, "तू आम्हाला गाव दाखवतोयस की हजेरी घेतोयस?" मी नेहमीच्या सवयीने दोघींच्या चार पावलं पुढे चालत होतो. हातात झेंडा नव्हता, एवढंच. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे, की नवख्या माणसापेक्षा आधी राहून आलेला माणूस घरच्यांना जास्त दमवतो. नवखा विचारत विचारत जातो. जुना खिशातला नकाशा पंचविशीतल्या पायांनी वाचतो.

आणि तो नकाशाही जुना झालेला असतो. तुमच्या यादीतच त्याच्या खुणा आहेत. 'सेंट पॉल, ११ नंबरच्या बसने' असं तुम्ही लिहिलंय. ती ११ नंबर २०२३ पासून वॉटर्लूकडे वळते. सेंट पॉलकडचा तो जुना रस्ता आता २६ नंबरची बस घेते. 'शॉपिंग, व्हॅट परत मिळतो' असंही आहे. विमानतळावर कागद दाखवून कर परत घ्यायची ती सोय १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे. वहिनींना अजून सांगितलं नसेल तर आजच सांगा, ऑक्सफर्ड स्ट्रीटवर बिल हातात पडल्यावर नको. आणि कपाटात आठवण म्हणून जपलेले पौंड असतील (सगळ्यांकडे असतात), तर कागदाच्या नोटा दुकानात चालणार नाहीत, आता सगळ्या प्लॅस्टिकच्या आहेत. शेवटच्या कागदी नोटा, वीसच्या आणि पन्नासच्या, ३० सप्टेंबर २०२२ ला बाद झाल्या. त्या थ्रेडनीडल स्ट्रीटवरच्या बँक ऑफ इंग्लंडमध्ये ओळखपत्र दाखवून बदलून मिळतात, पण रांग मोठी असते. दोन-चार नोटांसाठी सुट्टीतली सकाळ घालवू नका. गोल एक पौंडाचं नाणं २०१७ मध्ये गेलं, ते मुलाला खेळायला द्या.

व्हिसाचं लवकर सांगून टाकतो. पाचही जणांचे अर्ज वेगळे, मुलांचेसुद्धा. तुमचे त्या वेळचे पासपोर्ट जपले असतील तर ते जोडा, जुनं वास्तव्य नियमात पार पडलेलं दिसतं. आणि यादीत तळाशी 'जमलं तर पॅरिस' आहे, त्याला शेंगेन व्हिसा वेगळा लागतो. नऊ दिवसांत जमवू नका.

आता प्रवासाच्या कार्डांचं. तुम्हाला ऑयस्टर (पैसे भरून वापरायचं तिथलं प्रवासाचं कार्ड) माहीत आहे, पण आता बँकेचं साधं कॉन्टॅक्टलेस (यंत्राला टेकवायचं) कार्ड बसला आणि ट्यूबला, म्हणजे भुयारी रेल्वेला, थेट चालतं, आणि दिवसाच्या कमाल भाड्याचा हिशोब आपोआप होतो. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत. गोची इथे होते, की एका कार्डावर एकच माणूस. तुमचं कार्ड पाच वेळा टेकवून पाच जण आत जाऊ शकत नाहीत. त्यात आपल्याकडची कार्डं परदेशात आणि कॉन्टॅक्टलेससाठी मुळात बंद असतात, ती बँकेच्या अ‍ॅपमधून आधी चालू करावी लागतात. तुम्ही आणि वहिनींनी आपापलं कार्ड वापरा, आईंना ऑयस्टर घेऊन द्या. मुलीलाही ऑयस्टर घ्या आणि स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला त्यावर 'यंग व्हिजिटर' सवलत टाकून मागा. अकरा ते पंधरा वयाच्या पाहुण्या मुलांना त्यावर दोन आठवडे अर्धं भाडं पडतं. ही सवलत आपोआप मिळत नाही, मागावी लागते. सात वर्षांचा मुलगा तुमच्याबरोबर फुकट, रुंद फाटकातून.

खरा विषय गुडघ्यांचा आहे. ट्यूबचा नकाशा तुम्हाला तोंडपाठ असेल, पण त्यावर पायऱ्या कुठे आहेत हे तुम्ही तेव्हा बघितलं नसणार. पंचविशीत कोण बघतो? कॉव्हेंट गार्डनची लिफ्ट भरली म्हणून जिन्याने जाऊ म्हणाल, तर तो १९३ पायऱ्यांचा आहे. तुमच्या काळात नसलेली आणि आईंसाठी जणू मुद्दाम बांधलेली एक गोष्ट म्हणजे एलिझाबेथ लाइन. २४ मे २०२२ ला सुरू झाली. हीथ्रोपासून थेट शहराच्या पोटातून कॅनरी वॉर्फपर्यंत जाते आणि तिच्या प्रत्येक स्टेशनवर रस्त्यापासून फलाटापर्यंत लिफ्टने जाता येतं. म्हणून राहायला पॅडिंग्टन किंवा या लाइनवरचंच कुठलं तरी ठिकाण बघा. ईस्ट हॅमचं स्वस्त गेस्ट हाउस यादीतून काढा. जुन्या ओढीपायी रोज पाच माणसांचा तास-तास जाईल.

बाकी सगळं बसने. सगळ्या बसेसना चढायला रॅम्प असतो, पुढे बसायला जागा राखीव असते, आणि पहिल्या बसपासून एका तासाच्या आत कितीही बस बदलल्या तरी भाडं एकदाच पडतं. मुलं वरच्या मजल्यावर पुढच्या काचेशी, आई आणि वहिनी खाली, आणि तुम्ही जिन्यात. गंमत नाही करत, बापाची जागा तीच असते. काळी टॅक्सी आपल्याला महाग म्हणून अंगावर येते, पण तिच्यात पाच जण मावतात. ट्यूबची चार भाडी आणि आईंच्या गुडघ्यांचा हिशोब मांडला, तर जवळच्या अंतराला ती परवडते. दिवसातून एक टॅक्सी खर्चात धरूनच ठेवा, म्हणजे ती घेताना भांडण होत नाही.

मे महिना तुम्ही निवडलात ते झकास. आपल्या शाळांना सुट्टी, त्यांच्या शाळा चालू. फक्त शेवटच्या आठवड्यात त्यांचीही छोटी सुट्टी असते, ती टाळा. मेच्या मध्यावर तिथे सूर्य पाचच्या सुमारास उगवतो आणि पावणेनऊला मावळतो. आईंना हे आधी सांगा. माझ्या एका ग्रुपमधल्या काकू सांजवात लावल्याशिवाय जेवत नसत. पहिल्या दिवशी त्या खिडकीशी उजेडाकडे बघत नऊ वाजेपर्यंत उपाशी बसल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पुण्याच्या घड्याळाने दिवा लावायला सुरुवात केली. मेमध्ये आपण साडेचार तास पुढे असतो, म्हणजे लंडनच्या दुपारी अडीचलाच त्यांचे सात वाजायचे.

याच साडेचार तासांचा एक फायदा आहे. पहिल्या दोन-तीन दिवशी तुमचं अख्खं घर पहाटे चारला टक्क जागं होणार. बहुतेक लोक तेव्हा मुलांना दटावून झोपवतात. तसं करू नका. चहा करून प्या, सगळ्यांना स्वेटर घाला आणि साडेपाचला टॅक्सीने वेस्टमिन्स्टर पुलावर जा. दिवसा तिथे चालताना आईंचा हात सोडता येत नाही इतकी गर्दी असते. पहाटे पुलावर धावणारे दोन-चार लोक, एखादी रिकामी बस, आणि खाली नदी. तिथे बिग बेनच्या घड्याळाकडे नीट बघा. तुम्ही पाहिलेले काटे काळे होते. २०१७ मध्ये दुरुस्ती सुरू झाली तेव्हा जुन्या रंगाचे थर तपासले, त्यात मूळ रंग निळा निघाला, आणि आता काटे आणि आकडे निळे आहेत. मुलांना ते काही वाटणार नाही, त्यांच्यासाठी ते घड्याळ पहिल्यापासून निळंच. तुम्ही मात्र अडखळाल. त्या मनोऱ्याला आता एलिझाबेथ टॉवर म्हणतात, २०१२ पासून. पुलावरून मागे पार्लमेंट स्क्वेअरला या. तिथला गांधीजींचा पुतळा तुमच्यानंतरचा आहे, २०१५ चा. सात वाजता नाश्ता शोधा, आणि नऊला खोलीवर परत येऊन आईंना झोपू द्या.

नॅचरल हिस्टरी म्युझियमसमोर तुम्ही लिहिलंय, 'मुलाला हॉलमधला डायनोसॉर दाखवणे'. इथे तुमचं पोरासमोर हसं होऊ नये म्हणून सांगतो, तो डिप्लोडोकस २०१७ मध्ये तिथून हलवला. मोठ्या हॉलमध्ये आता छताला निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगला आहे, २५ मीटरचा, तोंड उघडून सूर मारल्यासारखा. १८९१ साली आयर्लंडच्या किनाऱ्यावर अडकलेला हा देवमासा आहे आणि सांगाडा खरा आहे. तुमचा लाडका डिप्लोडोकस मुळात साच्यातून काढलेली प्रतिकृती होता. डायनोसॉरसाठी वेगळं दालन आहे, तिथला टी-रेक्स हलतो आणि डरकाळी फोडतो. सात वर्षांची मुलं तिथे एक तर नाचतात किंवा बापाच्या पायाला चिकटतात. प्रवेश फुकट, पण वेळ आधी बुक करा. साउथ केन्सिंग्टनच्या ट्यूब स्टेशनात पायऱ्या आहेत, म्हणून ७४ नंबरची बस घ्या. याच दिवशी शेजारचं सायन्स म्युझियम आणि समोरचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, दोन्ही उरकायचं तुम्ही ठरवलंय. कुठलं तरी एकच घ्या. आईंना विचाराल तर त्या टिपू सुलतानाचा लाकडी वाघ बघायला अल्बर्टमध्ये येतील आणि मग तिथल्या अंगणात बसून राहतील. बसू द्या.

टॉवर ऑफ लंडनला आईंचं एकच काम असतं, कोहिनूर. दरवाजे उघडायच्या वेळी पोचा आणि बाकी काहीही न बघता थेट ज्युवेल हाउसला जा, अकरानंतर तिथली रांग बघवत नाही. मुकुटांसमोरून सरकता पट्टा जातो, तुम्ही उभे आणि हिरे मागे जातात. मग सगळेच म्हणतात, "एवढासाच?" मुलीला आधी सांगून ठेवा, की १८४९ मध्ये लाहोरहून तो इंग्रजांच्या हाती गेला तेव्हा १८६ कॅरटचा होता, आणि १८५२ मध्ये इथे चमक वाढवायला म्हणून पुन्हा पैलू पाडले तेव्हा १०५ वर आला. हे माहीत असलं की मूल दुसऱ्यांदा पट्ट्यावर जाऊन नीट बघतं. व्हाइट टॉवरचे गोल जिने आईंसाठी नाहीत. त्या बाहेर बाकावर बसतील, कावळे बघतील. तिथले कावळे पगारी आहेत म्हणाल तर खूश होतील, खरंच किल्ल्याच्या खर्चाने पोसलेले असतात.

लॉर्ड्स यादीत आहे, ते काढू नका. सामना असेल त्या दिवशी मैदानाची फेरी नसते, एवढं बघा. २००२ मध्ये गांगुलीने शर्ट फिरवला ती बाल्कनी तुम्ही दाखवालच. पण मुलीला ड्रेसिंग रूममधल्या शतकवीरांच्या फलकावर वेंगसरकर शोधायला लावा. १९७९, १९८२, १९८६, तीनदा सापडेल. मग सचिन शोधायला सांगा. ती सापडेपर्यंत शोधेल, आणि तो त्या फलकावर नाही हे तिला स्वतःला कळू द्या. मुलींच्या क्रिकेटचं म्हणाल, तर २०१७ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना आपण इथेच ९ धावांनी हरलो, सांगलीची स्मृती मानधना त्या संघात होती. तिथून प्रिमरोझ हिल फार लांब नाही. त्या टेकडीजवळ १०, किंग हेन्रीज रोड हे घर आहे. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा अभ्यास करत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेतलं. तुम्ही तीन वर्षं लंडनला राहून तिथे गेला नव्हतात, तेव्हा ते बघण्यासारखं खुलंही नव्हतं. आता स्मारक आहे, वेळा बघून जा. तुमच्या यादीत तुमच्यासाठीही नवं असं एवढंच एक ठिकाण आहे, म्हणजे तिथे तरी तुम्ही गाइडगिरी करणार नाही.

आता कॅनरी वॉर्फ. 'माझं ऑफिस, अर्धा दिवस' असं लिहिलंय. अहो, काचेची इमारत, खाली सुरक्षारक्षक, आत सोडणार नाहीत. बाहेरून बोट दाखवून "तो बघ, तिसावा मजला" म्हणायला दहा मिनिटं पुरतात. पण याच दहा मिनिटांभोवती या सहलीतला सगळ्यात चांगला दिवस गुंफता येतो. पॅडिंग्टनहून एलिझाबेथ लाइनने कॅनरी वॉर्फ. स्टेशनच्याच छपरावर एक बाग आहे, ती तुमच्यानंतर झाली. रेखांशाची शून्य रेषा जवळून जाते म्हणून बागेत एका अंगाला पूर्वेकडची झाडं, दुसऱ्या अंगाला पश्चिमेकडची. आई तिथे बसतील, तुम्ही मुलांना ऑफिस दाखवून या. मग डीएलआर, म्हणजे गोदी भागातली छोटी रेल्वे. तुम्हाला ती रोजची कंटाळवाणी लोकल होती. मुलांना सांगा, या गाडीला ड्रायव्हर नसतो, आणि सगळ्यात पुढची सीट मिळेपर्यंत दोन गाड्या सोडा. गोद्यांच्या वरून, इमारतींच्या मधून, वळणं घेत ती जाते आणि पुढच्या काचेतून रूळ आपल्याच अंगावर येतात. माझ्या मुलीला सोळा दिवसांच्या त्या युरोप दौऱ्यातलं आज एवढंच आठवतं. आयफेल टॉवर आठवत नाही.

आयलंड गार्डन्सला तुम्ही आणि मुलं उतरा, आई आणि वहिनी तशाच ग्रीनिचपर्यंत जाऊ देत. तुम्ही तिघे नदीखालच्या पायी बोगद्याने पलीकडे या. १९०२ मध्ये गोदीत कामाला जाणाऱ्या मजुरांसाठी बांधलेला हा बोगदा जेमतेम पावणेचारशे मीटरचा आहे. पांढऱ्या फरशांची भिंत आणि हाक मारली की घुमणारा आवाज. डोक्यावर थेम्स आहे हे मुलाला मध्यावर पोचल्यावर सांगा, आधी सांगितलंत तर आत येणार नाही. पलीकडे कटी सार्क जहाजापाशी सगळे भेटा. वेधशाळेची टेकडी चढणीची आहे, आई खाली नदीकाठी थांबतील. शून्य रेखांशावर दोन पाय ठेवून फोटो काढायला आवारात तिकीट लागतं. पण तीच रेषा फाटकाबाहेरच्या वाटेवरही आखलेली आहे, तिथे फुकट उभं राहता येतं, रांग नसते. परतताना बोट घ्या, तीही कॉन्टॅक्टलेस कार्डावर चालते. टॉवर ब्रिजखालून वेस्टमिन्स्टरपर्यंत. दिवसभर चाललेल्या माणसांना बसल्या बसल्या शहर दिसतं.

जेवणाचं. स्वयंपाकघर असलेली जागा घ्या, सकाळचा पोहे-उपमा आणि रात्रीचा वरणभात तिथे झाला की दुपारचं काहीही चालतं. फोडणी मात्र जपून. माझ्या सासूबाईंनी असल्याच एका ठिकाणी सकाळी सात वाजता मोहरी तडतडवली, छताला धुराची घंटा होती, आणि सहा मजल्यांची इमारत रात्रीच्या कपड्यांत फुटपाथवर उभी राहिली. सासूबाई हातात झारा घेऊन. खिडकी उघडा, पंखा लावा, तेल कमी तापवा. बॅगेत मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, थेपले न्या. पेढे, तूप, श्रीखंड नेऊ नका. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. हापूसही नेऊ नका, मेमध्ये वेम्बलीच्या ईलिंग रोडला आणि साउथॉलला पेट्या लागलेल्या असतात. आईंना अंडं चालत नाही असं तुम्ही लिहिलंय. तिकडच्या 'व्हेजिटेरियन' मध्ये अंडं येतं, केकमध्ये तर असतंच. डब्यावर 'व्हीगन' लिहिलेलं बघा, त्यात अंडं नसतं. बाहेर पोटभर आपलं जेवायचं असेल तर युस्टनजवळ ड्रमंड स्ट्रीटला भेळपुरीपासून थाळीपर्यंत सगळं मिळतं.

आणखी एक, आईंना विचारायला संकोच वाटेल म्हणून मीच सांगतो. मोठ्या रेल्वे स्टेशनांवरची स्वच्छतागृहं २०१९ पासून फुकट झाली आहेत. तुम्हाला नाणी शोधायची सवय असेल, ती सोडा. म्युझियममधलीही चांगली असतात. दिवस आखताना दर दोन तासांनी यातलं काही तरी वाटेत येईल असं बघा.

यादीतून काय काढायचं तेही सांगतो. मादाम तुसाँ, स्टोनहेंज, बाथ, ऑक्सफर्ड, केंब्रिज, आणि बकिंगहॅमचा पहारेबदल. शेवटच्याला लोक चिडतील माझ्यावर. पण पाठीमागे उभं राहून दीड तास समोरच्या माणसाची पाठ बघणं आईंच्याने होणार नाही. त्याऐवजी हॉर्स गार्ड्सला सकाळी घोड्यांवरच्या पहारेकऱ्यांचा बदल बघा, मुलगा घोड्यापासून दोन हातांवर उभा राहील.

राहिलं ईस्ट हॅमचं घर. ते तुम्ही पहिल्याच दिवशी, विमानातून उतरल्यावर, सगळ्यांना घेऊन बघायचं ठरवलंय. वहिनींना आणि मुलांना त्यात काही नाही, त्यांना ते लाल विटांचं रांगेतलं एक घर दिसेल. मी सहसा अशा जागी एकट्याने पहाटे जाऊन या म्हणतो. तुम्हाला तसं म्हणणार नाही, कारण एका सहलीत मी वेगळं पाहिलंय.

सांगलीच्या एक निवृत्त शिक्षिका माझ्या ग्रुपमध्ये होत्या. मुलगा बऱ्याच वर्षांपूर्वी हाउन्स्लोला शिकायला होता, आता अमेरिकेत. मोकळ्या दुपारी सगळे खरेदीला गेले. या माझ्याकडे आल्या आणि पर्समधून चौकोनी घडीचा कागद काढला. त्यावर मुलाच्या अक्षरात पत्ता. मला काम होतं, तरी गेलो. दारासमोर उभ्या राहिल्या, बेल वाजवू दिली नाही. तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं, हाउन्स्लोवर ती अगदी खालून जातात. बाई वर बघत म्हणाल्या, "अगं बाई, हेच ते. फोनवर मागनं सारखं घुं घुं व्हायचं. मी म्हणायची, टीव्ही बारीक कर की रे." मग दूध कुठून आणायचा, कपडे कुठे वाळत घालायचा, बस कुठे थांबायची, एकेक विचारत राहिल्या. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

२००६ मध्ये तुम्हीही कॉलिंग कार्ड खरवडून रविवारी घरी फोन करत असाल. त्या तीन वर्षांत आईंनी मनात एक ईस्ट हॅम उभं केलेलं आहे. तुमच्या घरात तुमचं लंडन आधीपासून ओळखणारं माणूस त्या एकट्याच आहेत. सहाव्या किंवा सातव्या दिवसाची दुपार ठेवा. वहिनी आणि मुलांना किंग्ज क्रॉसमागच्या ग्रॅनरी स्क्वेअरला सोडा, जमिनीतून उडणाऱ्या कारंज्यांत मुलं भिजतील, कपड्यांचा एक जोड द्या. तुम्ही आणि आई एलिझाबेथ लाइनने मॅनर पार्क, तिथून १०१ नंबरची बस. डिस्ट्रिक्ट लाइनचा तुमचा जुना रस्ता नको, बदलताना चालावं लागतं. हाय स्ट्रीट नॉर्थला डोसा खा. बेल वाजवू नका, आत दुसऱ्या कुणाचा संसार आहे. घाई करू नका, परतीची वेळ वहिनींना सांगूच नका. आणि दूध कुठून आणायचास असं आईंनी विचारलं, आणि ते दुकान आता तिथे नसलं, तर जिथे होतं तिथपर्यंत चालत जा.